तान्ह्या पोळ्याची फेरी मुलांच्याच हाती राहू द्या

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा (ओवाळणीचे पैसे वा खाऊ) मागणारी मुले आमच्या समुद्रपूर तालुक्यातील (जि. वर्धा) गावांत कमी दिसू लागली असून त्यांच्या जागी मंडपातली सजावट आणि वेशभूषा स्पर्धा आली आहे. बैल पालकांनी सजवायचा, क्रमांक परीक्षकांनी काढायचा आणि मुलाने सांगितलेल्या जागी उभे राहायचे, असा हा प्रकार. मोठ्यांच्या हौसेला हरकत नाही, पण मुलांच्या वाट्याला त्यात काय उरते, हा प्रश्न आहे.

फेरीत मुले मोठ्यांच्या मदतीवाचून बरेच काही शिकत. फारशी ओळख नसलेल्या घरी हाक कशी मारायची, कोणी रिकाम्या हाताने परत पाठवले तर न रुसता पुढे कसे जायचे, दमलेल्या धाकट्याला कोणी सांभाळायचे, आणि एकाला दहा रुपये व दुसऱ्याला दोनच का, यावरून जुंपलेले भांडण घरापर्यंत न नेता कसे मिटवायचे, हे सारे त्यांचे त्यांनाच ठरवावे लागे. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी तेथील मुलांचा गोट्यांचा (आपल्याकडच्या कंच्यांचा) खेळ बारकाईने पाहून १९३२ मध्ये हेच मांडले होते. लहान मुलांना नियम म्हणजे मोठ्यांनी घालून दिलेली, न बदलणारी गोष्ट वाटते. दहाव्या वर्षाच्या आसपास मात्र नियम आपसांत ठरतो आणि सर्वांच्या संमतीने बदलता येतो, हे त्यांना उमगते, आणि ही समज मोठ्यांच्या धाकापेक्षा बरोबरीच्या मुलांशी होणाऱ्या व्यवहारातून अधिक येते.

जुनी फेरी निर्मळ होती, असा दावा मी करणार नाही. काही वस्त्यांकडे ती वळतच नसे, आणि का वळत नाही हे मुलांना कोणी न सांगताही कळे, कारण मोठ्यांचे वागणे मुले फार लवकर उचलतात. त्यावर उपाय मंडप हा नव्हे. मंडपातही कोण कोणाशेजारी बसते, हे कोणीही पाहून घ्यावे.

एरवीच्या दिवसांतही ही संधी आटली आहे. तालुक्याच्या शाळेची गाडी सकाळीच मुले घेऊन जाते आणि दिवसभर ती एकाच वयाच्या मुलांत बसतात. १९७५ पासून चालत आलेल्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांनी खेळत शिकावे अशी अपेक्षा आहे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही या वयासाठी खेळावरच भर दिला आहे. तरी पालक मात्र पाटीवर अक्षरे किती उमटली, एवढेच विचारतात. या वयात मूल आधी दुसऱ्याच्या शेजारी बसून आपले आपणच खेळते आणि मग हळूहळू त्याच्याबरोबर खेळू लागते. या संक्रमणाला मोकळा वेळ लागतो, आणि नेमका तोच अक्षरांसाठी कापला जातो.

ग्रामपंचायती व शाळा व्यवस्थापन समित्यांना माझी विनंती आहे की, यंदा बक्षिसांवरचा खर्च ज्या मुलांकडे लाकडी बैल नाहीत त्यांना ते देण्यासाठी वापरावा, फेरीचा मार्ग गावातील प्रत्येक वस्तीतून जाईल असा आखावा आणि मोठ्यांनी फक्त रस्त्यावरच्या वाहनांपुरते लक्ष ठेवून मागे चालावे.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक,
ता. समुद्रपूर, जि. वर्धा