शाळेचं अनुदान मार्चमध्ये नको, जूनमध्ये द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलांना धड वाचता येत नाही आणि सरकार एवढा पैसा ओततं तो जातो कुठे, हा विषय हल्ली आपल्या पेपरात सारखा येतोय. माझी मुलगी गावातल्याच जिल्हा परिषद शाळेतून चौथी पास झाली, आणि ती तिथे असताना मी दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीत होते, तेव्हा तो पैसा येताना आणि जाताना मी स्वतः बघितलाय, म्हणून हे लिहितेय. जरा लांबलंय पत्र, पण कृपा करून छापा.

आधी एका मुलाचं सांगते. समितीत गेल्यावर पहिल्याच महिन्यात गुरुजी म्हणाले, ताई, वर्गात येऊन बसा एकदा. चौथीचा एक मुलगा वाचायला उभा राहिला. म ला काना मा, झ ला काना झा, माझा... असं करत करत तो पुढे सरकत होता, आणि शब्दाच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरत होता. मग आला 'रस्त्यावर'. तिथे तो थांबला. त्या 'स्त्या'कडे नुसता बघत राहिला, बोट तिथेच, मान खाली, आणि आख्खा वर्ग गप्प. हा मुलगा ढ नाही हो, पाढे तोंडपाठ, बाजारात बापाबरोबर बसून हिशोब करतो, पण जोडाक्षर त्याला कुणी निवांत बसून शिकवलेलंच नव्हतं. पहिली-दुसरीची वर्षं त्याची करोनात गेली, त्यानंतर वर्ग पुढे पुढे गेला आणि तो मागे राहिला.

गुरुजींना दोष द्यावा तर आमच्या शाळेचा पट ५४, शिक्षक दोन, वर्ग चार. म्हणजे एका शिक्षकाकडे दोन वर्ग जोडून. एका वर्गाला गणितं लिहून द्यायची आणि दुसऱ्याला शिकवायचं, त्यात मधेच कुणाचं तरी पोट दुखतं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पर्यंत दोन शिक्षक म्हणजे कागदावर सगळं बरोबर आहे. पण त्या दोघांतले एक बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम त्यांच्याकडे, आणि दुसऱ्यांकडे मुख्याध्यापकाचा चार्ज, पोषण आहाराचा हिशोब, यू-डायसची म्हणजे शाळेच्या माहितीची ऑनलाइन नोंद, अमक्या लिंकवर तमके फोटो टाका. कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं शिक्षकाला द्यायची मुभा आहे, पण मोबाईलवर येणाऱ्या लिंकांना कलम कोण लावणार.

आता पैशाचं. समग्र शिक्षा नावाची योजना २०१८ पासून आहे, आपल्या राज्यात केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के. त्यातून शाळेला जे संयुक्त शाळा अनुदान मिळतं त्याचा निकष पटावर आहे, ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. आमच्या ५४ मुलांना २५ हजार म्हणजे मुलामागे वर्षाला ४६३ रुपये. त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर जायला पाहिजे, मग वीजबिल, इंटरनेट, खडू, रजिस्टर, नळाची तोटी, गळणारी कौलं, सगळं त्यातच. आणि हा निकष किती दुखतो बघा, पट ३१ असेल तर २५ हजार आणि ३० झाला की १० हजार. एक कुटुंब तालुक्याला राहायला गेलं तर शाळेचे १५ हजार गेले, पण खोल्या तेवढ्याच, छप्पर तेवढंच, बिल तेवढंच. लहान शाळेतली मुलं आधीच मागे, त्यांनाच कमी.

तरी मी म्हणेन की रक्कम कमी असण्यापेक्षा ती कधी येते हे जास्त महत्त्वाचं आहे. शाळा जूनमध्ये सुरू होते. आमच्या खात्यावर माझ्या दोन्ही वर्षांत पैसे आले ते मार्चमध्ये, एका वर्षी तर दुसऱ्या आठवड्याच्याही शेवटी. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा, बिलं जोडायची, पीएफएमएस या सरकारी पैशांच्या ऑनलाइन प्रणालीवर भरायची, उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, नाहीतर रक्कम परत. मग जूनपासून मार्चपर्यंतची शाळा चालते कशावर? गुरुजींच्या खिशावर. खडूपासून झेरॉक्सपर्यंत. मी त्यांची वही बघितलीय, मागच्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवलेलं, झाडू, फिनेल, प्रिंटरची शाई, तारखेसकट. त्यातलं सगळं त्यांना परत मिळालं असेल असं मला वाटत नाही.

तर त्या मुलाचं पुढे काय झालं ते सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही समितीत ठरवलं की गावातली एक डीएड झालेली मुलगी घरी बसून आहे, तिला रोज दीड तास शाळेत बोलवायचं, तिसरी-चौथीतली ज्यांना वाचता येत नाही अशी ११ मुलं तिच्याकडे द्यायची. महिन्याला अडीच हजार मानधन, लोकवर्गणीतून. ती व्हरांड्यात सतरंजी टाकून बसायची. पुस्तक नाहीच सुरुवातीला, मुलं बोलतील ते ती फळ्यावर लिहायची, "आमची शेळी व्याली" असं, आणि त्यांनीच सांगितलेलं त्यांच्याकडून वाचून घ्यायची. शेळी व्याली म्हटलं की 'व्या' आलाच की नाही, मग तो मुलगा स्वतःच्या तोंडचं जोडाक्षर ओळखायला लागला. जानेवारीच्या शेवटाला ११ पैकी ७ मुलं परिच्छेद वाचत होती, अडखळत का होईना. दोघांची फार प्रगती झाली नाही हेही सांगते, त्यातल्या एकाचं पुढे डोळे तपासल्यावर चष्म्याचं निघालं.

फेब्रुवारीत वर्गणी संपली. दुसऱ्यांदा घरोघर फिरायचं आमच्या जिवावर आलं, कारण ज्यांची मुलं मागे आहेत त्यांचीच घरं हातावर पोट असलेली, त्यांच्याकडे किती वेळा जाणार. आणि मार्चमध्ये ते २५ हजार आले! मी केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, विचारलं, साहेब, यातून तिला दोन महिन्यांचे पाच हजार देऊ का, वर्ष संपेपर्यंत. ते चांगले आहेत, त्यांना पटलंही, पण म्हणाले, अनुदानाच्या हेडमध्ये, म्हणजे ठरलेल्या खर्चाच्या यादीत, मानधन बसत नाही, ऑडिटला अडकेल, तुम्ही रंगकाम करून घ्या. आम्ही रंगकाम केलं. पंखे घेतले. भिंतीवर बाराखडी रंगवली, फार सुंदर दिसते. व्हरांड्यातली सतरंजी मात्र गुंडाळून ठेवली, आणि तो मुलगा पाचवीत गेला.

यावर कुणी म्हणेल की एका गावातल्या अनुभवावरून काय ठरवायचं. तर आपल्या मुंबईतच, महापालिकेच्या शाळांमध्ये, आणि वडोदऱ्यातही, २००१ ते २००३ या काळात 'प्रथम' संस्थेने बालसखी म्हणून असंच काम केलं होतं, वस्तीतल्याच मुली, रोज दोन तास, मागे पडलेली १५-२० मुलं. मानधन त्या वेळी महिन्याला ५०० ते ७५० रुपये. त्याचा परिणाम ज्यांनी मोजला त्यात अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ ला नोबेल मिळालं. मुलं सुधारली, आणि मागची मुलं जास्त सुधारली. दुसरा अभ्यास आंध्र प्रदेशातला, तिथे शाळांना वह्या-साहित्यासाठी थेट रोख अनुदान दिलं. पहिल्या वर्षी पालकांना माहीत नव्हतं तेव्हा गुण वाढले, दुसऱ्या वर्षी पालकांना माहीत होतं की शाळा देणार, त्यांनी घरचा खर्च तेवढा कमी केला आणि वाढ दिसली नाही. मला यात पालकांची काही चूक वाटत नाही, मी पण तेच केलं असतं. पण त्यातून एक गोष्ट कळते, वही पालक विकत घेऊ शकतो, पोटाला चिमटा काढून घेतो. मुलाशेजारी रोज दीड तास बसणारं माणूस तो विकत घेऊ शकत नाही, आणि जे पालक घेऊ शकतात ते क्लास लावतात. मग सरकारचा पैसा आधी कशावर जायला पाहिजे?

आकडे सगळ्यांसमोर आहेत. असर म्हणजे मुलांना वाचता येतं का हे गावोगाव तपासणारं सर्वेक्षण, त्याच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतात सरकारी शाळांमधल्या पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. २०१८ ला हा आकडा ४४.२ होता, २०२२ ला ३८.५ वर घसरला होता, म्हणजे करोनाचं भरून निघालं आणि आपण होतो तिथेच आलो. याचा अर्थ निम्म्याहून जास्त मुलं पाचवीत गेली तरी दुसरीचं पुस्तक वाचू शकत नाहीत. निपुण भारत अभियानात २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान यायला पाहिजे असं २०२१ मध्येच ठरलंय. त्या अभियानाची पोस्टर्स आमच्या शाळेत आली, चाचणीचे फॉर्म आले, प्रशिक्षणं झाली, आणि प्रशिक्षणाला शिक्षक गेले की त्या दिवशी चारही वर्ग एका खोलीत.

वरून सगळं ठरवलं की काय होतं ते गणवेशाच्या वेळी आख्ख्या राज्याने बघितलंय. २०२४-२५ ला कापड आणि शिलाई वरून ठरली, कित्येक शाळांत १५ ऑगस्टला मुलं जुन्याच कपड्यात, मापं चुकलेली, आणि शेवटी पुढच्या वर्षासाठी अधिकार परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावे लागले. ज्या समितीला ५४ मुलांचे गणवेश नीट घेता येतात, तिला ११ मुलांसाठी एक बाई नेमता येणार नाही का? कायद्याने समितीत ७५ टक्के पालक असतात, निम्म्या बायका असतात. आमचीच मुलं आहेत ती, आम्ही पैसे उधळू असं का वाटतं कुणाला?

माझं मागणं फार मोठं नाही. निदान निम्मं अनुदान शाळा उघडायच्या दिवशी खात्यावर असावं, आणि उरलेलं दिवाळीपर्यंत. त्यातला काही भाग, चौथा हिस्सा धरा, वाचनात मागे असलेल्या मुलांसाठी माणसाच्या मानधनावर खर्च करायची लेखी परवानगी समितीला असावी, हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवायला आम्ही तयार आहोत. आणि लहान शाळांचं अनुदान नुसत्या पटावर न ठेवता प्रत्येक शाळेला एक किमान रक्कम द्यावी, वीज-पाणी-दुरुस्ती निघेल एवढी, मग त्यावर मुलांप्रमाणे. ज्या शाळेचा निकाल कमी तिचा पैसा कमी करा असं मधूनमधून कुणीतरी बोलतं, ते तर अजिबात करू नका, ताप आलेल्याचं औषध बंद करण्यातला प्रकार आहे तो. ग्रामपंचायतींनी पण वित्त आयोगाच्या निधीतून गेट आणि कंपाउंडच बांधायचं का, हे एकदा मनावर घ्यावं, गेट दिसतं आणि वाचन दिसत नाही हे मान्य, पण तरी.

आम्ही असा ठराव करून पंचायत समितीला दिला होता, मी समितीत असतानाच. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. डीएडवाली मुलगी आता तालुक्याला एका दुकानात बिलिंगला बसते. तो मुलगा मला रस्त्यात भेटतो, दुकानाच्या पाट्या वाचून दाखवतो, मोठ्या शब्दाला अजून थांबतो.

संपादक साहेब, आपले बातमीदार प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना एवढंच विचारायला सांगा की यंदा तुमच्या तालुक्यातल्या शाळांच्या खात्यावर अनुदान कोणत्या तारखेला जमा झालं आणि किती, आणि शाळेच्या नावापुढे ती तारीख छापा. दहावीच्या निकालाची पानंच्या पानं आपण छापता, ही एक यादी छापायला एक पान पुरेल.

आपली,
एक पालक आणि शाळा व्यवस्थापन समितीची माजी सदस्य