दहा मिनिटांचा माहितीपट आणि नऊ तासांचे बोलणे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चतुर्थीची सुट्टी संपली आणि आमच्या भागातल्या उच्च माध्यमिक विद्यालयाची पाच मुले माझ्या दारात आली. तीन मुली, दोन मुलगे. दोन मोबाइल, लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्याकडून मागून आणलेला एक ट्रायपॉड आणि एक प्रश्नांची वही एवढे त्यांचे सामान. आमच्या खाजनावर त्यांना दहा मिनिटांचा माहितीपट करायचा होता, स्पर्धेसाठी. तो झाला, दाखवला गेला, चांगला झाला. मी लिहिते आहे ते त्या दहा मिनिटांत जे आले नाही त्याबद्दल.

मी मांडवीकाठची. वय सदुसष्ट. लग्न होऊन आले तेव्हापासून खाजनात उतरते आहे. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, खाजन म्हणजे नदीच्या भरतीच्या खाऱ्या पाण्याच्या पातळीखालची जमीन. आमच्या पूर्वजांनी चिखल, पेंढा आणि चिरे घालून बांध उभे केले आणि ती पाण्याकडून मिळवली. गोव्यात अशी साधारण १८,००० हेक्टर जमीन सांगतात. बांधात दारे असतात, त्यांना आम्ही मानस म्हणतो. भरतीला नदीचे पाणी बाहेरून रेटते आणि दार आपोआप मिटते, ओहोटीला आतले पाणी रेटते आणि दार उघडते. जूनमधल्या पहिल्या पावसांनी मातीतले मीठ विरघळते, ते ओहोटीबरोबर मानशीतून बाहेर जाते. शेत गोडे झाले की मोड आलेले कोरगुट नाहीतर आसगो पेरायचे. थोडे मीठ सोसणारी ही भाते आहेत. पण थोडेच.

मुले पहिल्यांदा आली ती सकाळी दहाला, कारण त्यांना शाळेतून दहा ते एकची परवानगी होती. मानशीवर जाऊन बसली. भरती होती. दार मिटलेले, पाणी थोपलेले, बघण्यासारखे काही नाही. तीन तास उन्हात काढून परत गेली. मी त्यांना म्हटले, बाळांनो, घड्याळ बघून येऊ नका, तिथी बघून या. पुनवेला आणि अंवाशेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, आणि रोजची भरती आदल्या दिवशीपेक्षा पाऊणएक तास उशिरा. त्यातल्या एका मुलीने तिथल्या तिथे वहीत तक्ता आखला. वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या भरती-ओहोटीच्या वेळा ती रोज त्यात उतरवू लागली, आणि पुढचे चित्रण त्या तक्त्यावर ठरले. शाळेनेही मग वेळ बदलून दिली, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

दुसऱ्या खेपेला ती पहाटे साडेपाचला आली. ओहोटी संपून पाणी वळायची वेळ. पाणी क्षणभर कुठेच जात नाही, वरचा पाचोळा जागच्या जागी फिरतो. मग नदीकडून रेटा येतो आणि दोन्ही फळ्या पोटात बुक्का बसल्यासारखा आवाज करून मिटतात. फटीतून केसाएवढी धार तेवढी आत येत राहते. इतकी वर्षे तो आवाज ऐकते आहे, पण मुलांनी हेडफोन माझ्या कानाला लावला तेव्हा त्या बुक्क्यामागे लाकडाचे बारीक करकरणेही ऐकू आले. ती फळी कुजत आली होती. आम्हाला ती दोन महिन्यांनी बदलावी लागली.

आता आमचे दुखणे. मानशीतल्या मासळीची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते. शेवटे, काळुंदर, सुंगटं, नशीब असेल तर चोणक. पावणी घेणाऱ्याला जास्त मासळी हवी, आणि भरतीचे पाणी आत आले की मासळी जास्त. म्हणून कणसे दाण्यावर असतानाच रात्री दाराला ओंडका लावून ते उघडे ठेवले जाते. खारे पाणी शेतात शिरते, दाणा पोचट राहतो. एकदोन हंगाम असे गेले की माणूस शेत सोडतो. सोडलेल्या शेताचा बांध कोणी बघत नाही, खांड पडते, आत खारफुटी उगवते. एकदा उगवली की कायदा तिला हात लावू देत नाही. २०११ च्या सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांचा वेगळा उल्लेख आहे, पण कागदावरच्या उल्लेखाने रात्री लावलेला ओंडका निघत नाही. पूर्वी बांधावर कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, नजर असे. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती यांनी कसणारा मालक झाला. त्यात माझे घरही आले, त्या कायद्याचे ऋण मी विसरत नाही. पण शेत ज्याचे त्याचे झाले आणि बांध सगळ्यांचा, म्हणजे कोणाचाच नाही, असा राहिला.

मुलांनी तो ओंडका चित्रित केला. पुनवेच्या रात्री, एका मुलीच्या वडिलांना सोबत घेऊन. पावणी घेणारा माणूस कंदील घेऊन आला आणि आधी म्हणाला, बंद कर ते. मुलांनी बंद केले. मग एका मुलाने त्याला विचारले, "काका, तुमचें म्हणणें आमी घेवं येत?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि बांधावर बसला. किती रक्कम भरली, कर्ज कोणाकडून काढले, गेल्या साली जाळे फाटून किती गेले, हे सगळे त्याने वीस मिनिटे सांगितले. मी त्याच्याशी दोन वर्षे बोलत नव्हते. त्याच्या कर्जाचे, नुकसानीचे मला ठाऊकच नव्हते, कारण मी त्याला कधी विचारले नव्हते. त्याने ओंडका लावला ते चूकच, आजही मी तेच म्हणेन. पण आमच्या ग्रामसभेत जे कधी झाले नाही ते सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी केले, दोन्ही बाजू एकाच रात्री ऐकून घेतल्या.

तयार माहितीपटात ती रात्र फक्त चाळीस सेकंद आहे. त्याचे बोलणे जवळजवळ सगळे गेले. स्पर्धेची मर्यादा दहा मिनिटांची, आणि शिवाय कोणीतरी वडीलधाऱ्याने सुचवले की गावातले वाद नकोत. काय ठेवावे, काय कापावे हे मी मुलांना सांगणार नाही. कापावे लागतेच. माझी तक्रार कापण्याबद्दल नाही, पुसण्याबद्दल आहे.

त्याच दिवसांत मुलांनी माझ्या थोरल्या जावेचे बोलणे घेतले होते. तिचे वय अठ्ठ्याऐंशी. सोप्यावर बसून, डोळे मिटून, बांधापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत खाजनातल्या प्रत्येक तुकड्याचे नाव तिने सांगितले. मध्येच थांबायची, कोणाचे लग्न, कोणाची म्हैस, बांध फुटला ते साल, मग पुन्हा पुढचे शेत. चाळीस मिनिटे. ही नावे कुठे लिहिलेली मी पाहिली नाहीत. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, सगळे बघतात तो सर्व्हे नंबर. आमच्या मुलांना नंबर पाठ आहेत, पाणी आधी कुठे साचते ते ठाऊक नाही. आणि ते सगळे त्या नावांतच होते. पोंय म्हणजे खाजनातली पाणी साचायची खोलगट जागा. 'पोंयाकुशीची' म्हटले की कळायचे, हे शेत शेवटी सुकणार.

पुनवेच्या संध्याकाळी मानशीवर मोबाइल भरला. जागा हवी होती, रात्र समोर होती. मुलांनी यादी चाळली आणि जिथे काही हलत नाही ते पुसले. म्हातारी बाई नुसती बसून बोलते आहे, ते पुसले. रागवावे तरी कोणावर? त्यांना कोणी सांगितले नव्हते. उलट, माहितीपट म्हणजे हलते चित्र, असेच शिकवलेले. नंतर मी जावेला पुन्हा बसवले. तिने चार नावे सांगितली आणि म्हणाली, त्या दिसा सगळें सांगलें न्हय? मुलींपैकी एकीने त्या दिवशी वहीत भराभर लिहिले होते म्हणून अकरा नावे वाचली. एकूण किती होती ते कोणी मोजले नव्हते.

संपादक महोदय, माझी मागणी फार मोठी नाही. शाळांनी, स्पर्धा घेणाऱ्यांनी विद्यार्थ्यांकडून तयार माहितीपटाबरोबर न कापलेले सगळे चित्रणही मागून घ्यावे आणि ते ठेवावे. कुठे, कोणी, कोणत्या दिवशी बोलले याची एक पानाची यादी सोबत असली की झाले. आणि बोलणाऱ्याची परवानगी. ज्याला आपले बोलणे आज दाखवलेले नको असेल, त्याचे दहा वर्षे बंद ठेवा, पण ठेवा. आमच्या पाच मुलांचे वाचलेले चित्रण नऊ तासांचे आहे. नातू म्हणाला, हे सगळे एका पेनड्राइव्हवर मावते, हजार रुपयांच्या आतबाहेर. त्याने दोन प्रती केल्या. एक माझ्या कपाटात कागदपत्रांच्या डब्यात आहे.

पण माझे कपाट ही त्याची जागा नव्हे. २००४ पासून दरवर्षी इफ्फी, भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आमच्या पणजीत भरतो, जगातले चित्रपट येतात, त्याचा मला अभिमान आहे. पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासूनची संस्था, जुनी वर्तमानपत्रे तिथे जपून ठेवली आहेत. तिथे एक कपाट गोव्याच्या मुलांनी गावोगाव टिपलेल्या बोलण्यासाठी का असू नये? पेडण्यात, सत्तरीत, काणकोणात कितीतरी शाळा आता असे माहितीपट करून घेतात. कुठे विहिरी, कुठे खाण, कुठे मिठागर. प्रत्येक मोबाइलमध्ये कोणीतरी म्हातारे माणूस डोळे मिटून काहीतरी सांगत असेल, आणि जागा कमी पडत असेल.

मुलांसाठी आणखी एक. आधी पंधरा दिवस नुसते या, कॅमेरा न काढता. आमची पाच आली तेव्हा पहिले दोन दिवस मी फक्त शोभेचे बोलले, पदर सारखा करून. खरे बोलले ते तिसऱ्या खेपेला, कोळंबी सोलता सोलता. आणि पूर्ण झालेला माहितीपट आधी गावात दाखवा. आमच्याकडे तो सभागृहात, पाहुण्यांसमोर झाला. पावणी घेणारा तो माणूस आला नव्हता, त्याला कोणी बोलावलेच नव्हते. देवळाच्या मंडपात चादर लावून दाखवला असता तर तो आला असता, मीही त्याच्या शेजारी बसले असते.

वहीवाली मुलगी येत्या रविवारी सकाळी येते आहे. जावेला सकाळचे जास्त आठवते. या वेळी तिला सोप्यावर बसवणार नाही, बांधावर खुर्ची नेऊन शेताकडे तोंड करून बसवणार आहोत. हे पत्र लिहिताना मला स्वतःला आणखी दोन नावे आठवली, 'माडाबुडची' आणि 'दोन पोंयांमदली'. वहीत आता तेरा झाली.

आपली,
खाजनातली एक शेतकरी, तिसवाडी