जौनपूरचं चित्र जौनपूरकरांना पाहू द्या

मा. केंद्रीय संस्कृती मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, सादर नमस्कार.

काशी करून अयोध्येला निघालेले मराठी यात्रेकरू अनेकदा उत्तर प्रदेशातल्या जौनपूरवरून जातात. तिथला गोमतीवरचा शाही पूल मात्र गाडी थांबवून क्वचितच कुणी पाहतं. अकबराचा सुभेदार मुनीम खान याने १५६४ नंतरच्या चार-पाच वर्षांत तो बांधवला. आज मी लिहितोय ते या पुलाच्या एका चित्राबद्दल.

इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियल आणि त्याचा चित्रकार पुतण्या विल्यम १७८९ मध्ये जौनपूरला आले होते. त्यांच्या रेखाटनावरून १८०२ मध्ये लंडनला ॲक्वाटिंट, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरून घेतलेलं छापचित्र, छापलं गेलं. ते भिंग घेऊन पाहावं असं आहे. जाडजूड खांब, त्यांच्यामधल्या टोकदार कमानी आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर पाण्याच्या बाजूला झुकलेल्या छत्र्या, म्हणजे खांबांवरचे लहान मंडप. या छत्र्यांमध्ये दुकानं थाटलेली असत. विल्यम हॉजेस या इंग्रज चित्रकारानेही हा पूल त्यांच्या आधी रंगवला होता, पण त्याचा हात सैल. दगडाचा हिशेब डॅनियल काका-पुतण्यांनीच नीट ठेवला. दोघे कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे समोरच्या दृश्याची प्रतिमा कागदावर पाडून ती गिरवता येणारी पेटी, वापरत, त्यामुळे त्यांच्या प्रमाणांवर भिस्त ठेवता येते.

हे महत्त्वाचं अशासाठी की १९३४ च्या भूकंपात पुलाच्या सात कमानी निकामी झाल्या आणि त्या पुन्हा बांधाव्या लागल्या. १७७० च्या दशकातल्या पुरात जो पाण्याखाली गेला आणि ज्याच्यावरून अख्खी पलटण होड्यांतून पार झाली, आणि तरीही जो उभा राहिला, तो भूकंपाआधी कसा दिसत होता हे सांगणारं इतकं बारकाईचं दुसरं चित्र माझ्या पाहण्यात नाही.

डॅनियलांच्या कामाचा देशातला सर्वांत मोठा संग्रह कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये, म्हणजे आपल्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. तिथून या चित्राची मोठ्या आकाराची प्रत कुणालाही, अर्ज-विनंत्या न करता, मोफत उतरवून घेता यावी. पुलाच्या डागडुजीचं काम ज्यांच्या हाती असेल त्यांच्याकडे एक छापील प्रत पोचावी. आणि नदीकाठी, जिथून कमानींची रांग दिसते तिथे, हे चित्र हिंदी मजकुरासह फलकावर लागावं. रोज त्या पुलावरून जाणाऱ्या शाळकरी मुलांनी ते चित्र पाहायलाच हवं. त्यांचा पूल आहे तो.

राज्याच्या पुरातत्त्व विभागाशी बोलून यासाठी एक अधिकारी नेमावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
जुन्या पुलांवर जीव असलेला एक नागरिक