स्क्रीनशॉटची वर्दी कोणाला द्यायची, ते आधी ठरवा

प्रति,
माननीय केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

विषय: सोशल मीडिया अॅपमधले स्क्रीनशॉट, त्यांची सूचना आणि आमच्याकडच्या लेकीबाळी

महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बसस्टँडसमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. ग्लास बदलणे, चार्जिंगची पिन टाकणे, रिचार्ज मारणे आणि बाजाराच्या दिवशी लोकांच्या फोनमधला कचरा काढणे, हा धंदा. कचरा म्हणजे लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाईल, म्हणजे पत्रिकेच्या नावाखाली फोनमध्ये घुसणारं अॅप, नाहीतर 'तुमचा डीपी कोणी पाहिला ते ओळखा' असलं अॅप, जे सगळे कॉन्टॅक्ट घेऊन बसतं आणि दाखवत काहीच नाही. दिल्लीला मराठीत पत्र कशाला लिहितोस, असं शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला. पण ज्यांच्याबद्दल लिहितो आहे, त्यांना तरी ते वाचता आलं पाहिजे.

गेल्या कापसाच्या हंगामात बारावीतली एक मुलगी तिच्या मावशीला घेऊन दुकानात आली. पहिल्या वेच्याला आमच्याकडे सीतादही करतात, शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. तिने आईसोबत शेतात फोटो काढला आणि व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला ठेवला. डोक्यावर ओढणी, मागे फुटलेली बोंडं, बस. कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढला, आईला कापून टाकलं, शेजारी एका पोट्ट्याचा फोटो चिकटवला, वर लाल बदाम टाकला आणि गावच्या ग्रुपवर सोडून दिला. तिसऱ्या दिवशी तो तिच्या काकाच्या फोनवर. ती मला विचारत होती, "भाऊ, कोनं काढला थे दिसत नाई काय? पायनारे त् एक्केचाळीस दिसून रायले."

दिसत नाही. स्टेटस कोणी पाहिला त्याची यादी व्हॉट्सअॅप देतं, तो कोणी उचलला हे सांगत नाही. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला, जणू मीच लपवतो आहे. कारण तिने ऐकलं होतं की स्नॅपचॅटवर कळतं. ते खरं आहे. स्नॅपचॅट समोरच्याने स्क्रीनशॉट घेतला की सांगतं. इन्स्टाग्रामने २०१८ मध्ये स्टोरीसाठी तसं करून पाहिलं आणि सोडून दिलं; आता तिथे चॅटमधल्या, पाहून नाहीशा होणाऱ्या फोटो-मेसेजपुरतंच कळतं. व्हॉट्सअॅपने २०२४ मध्ये दुसऱ्याच्या डीपीचा स्क्रीनशॉट काढणं बंद केलं, पण स्टेटस तसाच उघडा आहे. आमच्या खेड्यात डीपी वर्षातून दोनदा बदलतो. पोळा, लग्न, हळदीकुंकू, पोराचं बारसं, सगळं जातं ते स्टेटसवर. दाराला कुलूप लावलं आणि खिडकी सताड ठेवली, असा प्रकार आहे.

मुलीचं कॉलेजला जाणं दिवाळीनंतर बंद झालं. एसटीचा मोफत पास तिच्या फोनच्या कव्हरमध्ये मागे घडी करून ठेवलेला होता, ग्लास बदलताना मला दिसला.

इथवर वाचून आपल्याला वाटेल, सोपं आहे, सगळ्या कंपन्यांना हुकूम काढू: स्क्रीनशॉट काढला की मालकाला वर्दी द्या. मलाही तसंच वाटलं होतं. मग दहा-बारा दिवसांनी दुसरी बाई आली.

ही बचत गटाचं काम पाहते. बँकेच्या, पंचायतीच्या, गटाच्या अशा वीसेक ग्रुपमध्ये तिचा नंबर आहे. रात्री कोणीतरी अनोळखी नंबरवरून घाणेरडे फोटो पाठवायचा, व्ह्यू वन्स करून. म्हणजे एकदा उघडला की गेला. ही सोय २०२१ मध्ये आली आणि २०२२ पासून अशा फोटोचा स्क्रीनशॉटही निघत नाही. पाठवणाऱ्याच्या खाजगीपणासाठी! तिने ठाण्यात जाऊन सांगितलं, तर पुरावा आणा म्हणाले. ती मला म्हणाली, "बटन दाबते त् फोटो निंगत नाई भाऊ. मंग पोलिसाले दाखवू काय?"

पुढचा फोटो आला तो तिने न उघडता ठेवला आणि सकाळी दुकानात आली. तिने तिच्या फोनवर उघडला, मी माझ्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढला. तिची मान खाली, माझी त्याहून खाली. तिला पाठवून मी माझ्या फोनमधून तिच्यासमोर पुसून टाकला, कारण तो माझ्याकडे राहणं मला बरं वाटेना. नंतर एका वकिलाने सांगितलं की भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे असल्या पुराव्याला प्रमाणपत्र लागतं आणि ज्या उपकरणातून पुरावा निघाला त्याचा ताबा असणाऱ्याने ते द्यायचं असतं. म्हणजे मी! आणि मूळ फोटो तर मी पुसून बसलो.

तर महोदय, एकीला स्क्रीनशॉट थांबायला हवा होता, दुसरीला तो निघायला हवा होता. आणि दुसरीला तो निघाला असता, पण सोबत त्या हरामखोराला 'तिने स्क्रीनशॉट घेतला' अशी वर्दी गेली असती, तर? त्याच रात्री नंबर बंद, अकाउंट बंद. किंवा त्याहून वाईट, तो ओळखीतला असला तर दारात. म्हणून सरसकट वर्दीचा हुकूम काढू नका, हे सांगायला मी हे पत्र लिहितो आहे. स्वतःचा फोटो जिने ठेवला, तिला कळलं पाहिजे. जिला नको असलेलं काही आलं, तिने ते जपून ठेवलं तर पाठवणाऱ्याला कळता कामा नये. अॅपला हा फरक करता येतो. स्टेटस आणि डीपी एका बाजूला, अनोळखी नंबरवरून इनबॉक्समध्ये आलेलं दुसऱ्या बाजूला.

व्ह्यू वन्सच्या फोटोबद्दल कंपनीकडे रिपोर्ट करता येतो आणि रिपोर्ट केला की तो फोटो कंपनीकडे जातो, हे मला माहीत आहे. पण बाईच्या हातात काय राहतं? काही नाही. रिपोर्ट केल्यावर तारीख, वेळ आणि नंबर असलेली एक पोच तिला मिळावी, जी ठाण्यात आणि कोर्टात चालेल. दुकानातून बिस्कीटचा पुडा घेतला तरी बिल मिळतं.

कायद्याचं मी जेवढं वाचलं, त्यात त्या बारावीच्या मुलीसाठी नेमकी जागा सापडली नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ई हे शरीराच्या खाजगी भागांच्या चित्रापुरतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, माणसाने वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी वापरलेला डेटा कक्षेबाहेर ठेवला आहे. तो कंपन्यांना धरतो, गावच्या पोट्ट्याला नाही. भारतीय न्याय संहितेत स्त्रीच्या अवमानाचं कलम ७९ आहे, पण त्यासाठी ठाण्यात जावं लागतं आणि बाप म्हणतो, अजून चार लोकांना कशाला सांगायचं. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, नऊ न्यायमूर्तींनी, एकमताने. आमच्या चावडीवर तो निकाल अजून पोचायचा आहे.

आता धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण आपले अधिकारी बहुधा नवे फोन वापरत असतील. अँड्रॉइडमध्ये स्क्रीनशॉट झाला हे अॅपला अधिकृतपणे कळण्याची सोय अँड्रॉइड १४ पासून, म्हणजे २०२३ पासून आली, तीही बटणं दाबून काढला तरच. माझ्याकडे येणारे निम्मे फोन त्याआधीचे, सेकंडहँड, तिसऱ्या हातातले. स्क्रीनशॉट अडवणं मात्र जुन्या फोनवरही जमतं. बँकेच्या अॅपमध्ये काळी स्क्रीन येते ती तशीच. म्हणून आमच्यासाठी वर्दीपेक्षा अडवणं कामाचं. स्टेटस ठेवतानाच 'स्क्रीनशॉट नको' असं बटण हवं. शिवाय दुसऱ्या फोनने फोटो काढणाऱ्याला कोणतंच अॅप अडवू शकत नाही, मीच काढला की. आणि आमच्याकडची अर्धी पोरं ते जीबी व्हॉट्सअॅप, म्हणजे बाहेरच्यांनी बनवलेली व्हॉट्सअॅपची नक्कल, टाकून बसलेली असतात, त्यात दुसऱ्याचा स्टेटस सरळ उतरवून घेता येतो. ते फोनमधून काढून टाकायचे मी पैसे घेत नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. तेव्हा जी काही सोय येईल, तिच्याखाली साध्या मराठीत लिहिलेलं असावं की ही पूर्ण राखण नाही. कुंपण आहे म्हणून निर्धास्त झोपलं, तर रानडुक्कर पीक खाऊन जातं.

आणखी एक, हे शहरात कोणाला सुचणार नाही. आमच्या बऱ्याच घरात फोन एकच, सिम बापाच्या नावाचं, संध्याकाळी फोन भावाच्या हातात. 'अमक्याने तुमच्या फोटोचा स्क्रीनशॉट घेतला' अशी वर्दी टिंग करून पडद्यावर आली, तर ती वाचेल भाऊ. आणि विचारेल बहिणीलाच, की त्याने तुझाच फोटो का काढला? वर्दी आवाज न करता अॅपच्या आत, कुलपाच्या आड बसलेली असावी.

१९३० हा सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचा नंबर आमच्याकडे लोकांना आता पाठ आहे, पण तो पैसे गेले तर लावायचा असं ते समजतात. सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर बायकांसाठी नाव न सांगता तक्रार करायची वेगळी खिडकी आहे, हे मी दुकानात सांगतो तेव्हा कोणालाच माहीत नसतं. एसटीच्या मागच्या बाजूला खतांच्या जाहिराती असतात, तिथे हेही लिहायला काय हरकत आहे.

उत्तर देणार असाल तर कागदावर द्या. व्हॉट्सअॅपवर दिलंत तर निदान एकदाच उघडणारं पाठवू नका. मला ते काउंटरच्या काचेला चिकटवायचं आहे.

आपला,
बसस्टँडसमोरचा मोबाईलवाला
जिल्हा यवतमाळ