अंगभर कपडे घाला, एवढ्यावर भागत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

उन्हाळा आला की पेपरात त्वचेच्या काळजीवर लेख यायला लागतात आणि प्रत्येक लेखात पहिला सल्ला एकच, अंगभर सुती कपडे घाला. सल्ला बरोबरच आहे, पण जे लोक मुद्दाम कपडे काढून उन्हात बसतात, पोहतात, फिरतात, म्हणजे न्यूडिस्ट, त्यांच्यासाठी कुणी एक ओळ लिहीत नाही, विषय काढायलाच लोकांना संकोच वाटतो. मी स्वतः न्यूडिस्ट आहे. उन्हाची माहिती सगळ्यात जास्त गरजेची आम्हालाच आहे कारण आमची सगळीच कातडी उघडी असते, म्हणून हे पत्र लिहितोय आणि तुम्ही ते छापाल अशी मनापासून अपेक्षा आहे.

बहुतेकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट आधी सांगतो. हात, मान, चेहरा यांना लहानपणापासून ऊन लागलेलं असतं, पण छाती, कुल्ले, ओटीपोट, गुप्तांग यांनी ऊन पाहिलेलंच नसतं. नवीन माणूस हाताच्या हिशोबाने बसतो, हाताला तासभर काही होत नाही ना मग बाकीच्यालाही होणार नाही असं धरून चालतो, आणि रात्री कुल्ले असे भाजलेले असतात की धड बसता येत नाही की पाठीवर झोपता येत नाही. त्यात उन्हाची लाली लगेच दिसत नाही, तीन ते पाच तासांनी दिसायला लागते आणि १२ ते २४ तासांनी सगळ्यात जास्त होते. म्हणजे "लाल व्हायला लागलो की सावलीत जाईन" असं म्हणणाऱ्याला उशीर झालेलाच असतो.

स्वित्झर्लंडमध्ये ऑगस्ट रोलिए नावाचे डॉक्टर होते, १९०३ पासून ते डोंगरातल्या दवाखान्यात क्षयाच्या पेशंटना ऊन द्यायचे, तेव्हा क्षयावर अँटिबायोटिक नव्हतीच. पहिल्या दिवशी फक्त पावलं उघडी, तीही पाच-पाच मिनिटं, मग रोज थोडं थोडं वर. उन्हावर एवढा विश्वास असलेला माणूससुद्धा पहिल्याच दिवशी पेशंटला नागडा करून दुपारभर झोपवत नव्हता, आणि आपण मात्र सुट्टीच्या पहिल्या दिवशी नेमकं तेच करतो!

आता टॅनचं. अंगावर कुठेही पट्ट्याची रेघ नको, सगळीकडे एकसारखा रंग हवा ही आमच्यातल्या खूप जणांची हौस असते, ती मला समजते. पण टॅन म्हणजे पेशींच्या डीएनएला इजा झाल्यावर कातडीने केलेला बचाव आहे आणि तो बचावही तोकडा, साधारण एसपीएफ (सनस्क्रीन ऊन किती अडवतं त्याचा आकडा) ३-४ एवढाच. तरी "आधी बेस टॅन करून जा म्हणजे भाजत नाही" असं एकमेकांना सांगतात आणि त्यासाठी टॅनिंग बेडवर, म्हणजे यूव्ही (अतिनील) किरणांच्या दिव्यांच्या पलंगावर, जाऊन झोपतात. हे कृपया करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००९ मध्ये टॅनिंग बेडला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे ज्यांनी कॅन्सर होतो हे नक्की आहे त्यांच्यात, ज्या गटात तंबाखू आहे त्याच, ब्राझीलने त्याच वर्षी बंदी घातली आणि पुढे ऑस्ट्रेलियातही धंदा म्हणून चालणारे टॅनिंग बेड बंद झाले. ऑनलाइन मिळणारी, कातडी गडद करणारी मेलानोटानची इंजेक्शनं आणि नाकातले स्प्रे तर अजूनच वाईट, अनेक देशांच्या औषध नियंत्रकांनी त्याविरुद्ध इशारे दिलेत तरी लोक घेतात.

रंग हवाच असेल तर डीएचए नावाचं रंग आणणारं रसायन असलेलं सेल्फ टॅन लोशन त्यातल्या त्यात बरं. ते कातडीच्या सगळ्यात वरच्या मेलेल्या थरावर काम करतं आणि आठवड्याभरात उतरतं. फक्त ओठ, डोळे आणि गुप्तांगाच्या नाजूक भागापासून लांब ठेवायचं, स्प्रे असेल तर श्वासात जाऊ द्यायचा नाही, आणि रंग आला म्हणून सनस्क्रीन सोडायचं नाही कारण त्या रंगाने ऊन अडत नाही. माझं मत विचाराल तर आपला आहे तो रंग राहू द्यावा, रेघा असल्या तर असू देत.

सनस्क्रीनच्या बाबतीत आमचं गणितच वेगळं आहे. बाटलीवरचा एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावलेलं असतं. सगळ्या अंगाला त्या हिशोबाने एका वेळेला ३०-३५ मिली लागतं, म्हणजे २०० मिलीची बाटली सहा वेळातच संपते, आणि दर दोन तासांनी, शिवाय पोहून अंग पुसल्यावर परत लावायचं असतं. एक बाटली महिनाभर पुरत असेल तर तुम्ही फारच पातळ लावताय. घरीच, कपडे घालायच्या आधी, आरशासमोर उभं राहून लावा. कुल्ल्याखालची घडी, गुडघ्याची मागची बाजू, कानाची वरची कड, केसांचा भांग, आणि पालथं झोपल्यावर वर येणारे तळपाय, या जागा हमखास सुटतात. पाठीला दुसऱ्याचा हात लागतोच, मागायला लाजू नका.

गुप्तांगाच्या बाहेरच्या कातडीला झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं मिनरल सनस्क्रीन त्यातल्या त्यात सोसतं, आतल्या ओलसर भागाला काहीच लावायचं नाही. त्यापेक्षा सरळ टॉवेल टाका. तसाही प्रत्येक न्यूडिस्ट बसायला टॉवेल बरोबर ठेवतोच, मग पडल्या पडल्या त्याचं एक टोक वर ओढून घ्यायला काय हरकत आहे? १९९० मध्ये एक अभ्यास छापून आला होता, सोरायसिससाठी (हा कातडीचा आजार) औषध आणि मशीनमधून यूव्ही किरण असे उपचार घेतलेल्या पुरुषांमध्ये गुप्तांगाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं आणि तेव्हापासून ते उपचार देताना तो भाग झाकायला सांगतात. साधं ऊन आणि ते मशीन एक नाही हे मान्य, पण तिथली कातडी गृहीत धरायची नाही एवढं तर त्यातून कळतंच.

"व्हिटॅमिन डी मिळतं ना" हे उत्तर मला नेहमी ऐकायला मिळतं. मिळतं, पण अंग जेवढं जास्त उघडं तेवढा वेळ कमी पुरतो, आणि एका मर्यादेनंतर कातडी जास्तीचं डी बनवतच नाही, त्याचे दुसरे निरुपयोगी पदार्थ होतात. म्हणजे आमचं काम थोड्या वेळात होतं, पुढचे तास नुसतं नुकसान. यूव्ही इंडेक्स (उन्हातले यूव्ही किरण किती तीव्र आहेत त्याचा आकडा) ३ किंवा वर असेल तर काळजी घ्यायची, आणि मोबाइल जवळ नसेल तर आपली सावली बघा, ती आपल्यापेक्षा आखूड असेल तर झाडाखाली जा. ढग आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, पातळ ढगांतून बरेच यूव्ही किरण खाली येतात.

सावळ्या माणसांना भाजायला वेळ लागतो हे खरं, पण त्यांना मेलानोमा, म्हणजे कातडीचा एक घातक कॅन्सर, होतच नाही हे खरं नाही. त्यांच्यात तो बऱ्याचदा तळव्यावर, तळपायावर, नखाखाली होतो, जिथे उन्हाचा फारसा संबंधही नसतो. गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये गेला त्या कॅन्सरची सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती. म्हणून तीळ तपासताना तळपाय आणि नखं सोडू नका, आणि आकार, कड, रंग बदलतोय असं वाटलं तर थांबू नका.

शेवटचं म्हणजे डॉक्टर. ते विचारतात, उन्हात जास्त असता का? आम्ही नुसतं हो म्हणतो आणि बिनकपड्यांनी असतो हे सांगत नाही, मग ते चेहरा आणि हात बघून सोडून देतात. मोकळेपणाने सांगा आणि कुल्ले, गुप्तांग सगळं तपासायला सांगा. आणि संपादक महोदय, तुमच्याकडे जे त्वचारोगतज्ज्ञ लिहितात त्यांना एक अख्खा लेख या विषयावर लिहायला सांगा ही विनंती, नाव न घालता प्रश्न पाठवायची सोय ठेवलीत तर विचारणारे खूप निघतील.

आपला,
एक न्यूडिस्ट वाचक