अहिंसेच्या पेपरात वडूज हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साताऱ्यात एम.ए.च्या वर्गाला मी जागतिक राजकीय विचारांचा इतिहास शिकवते. थोरोचा कायदेभंगावरचा १८४९चा निबंध, टॉल्स्टॉय-गांधी पत्रव्यवहार, १९५५चा माँटगोमेरीतला बसबहिष्कार, या क्रमाने अहिंसेचे युनिट संपते. मुले टिपणे उतरवून घेतात, पेपर लिहितात आणि विसरतात.

यंदा ‘हिंद स्वराज्य’ मोठ्याने वाचायला घेतले. १९०९ साली गांधींनी ते बोटीवर लिहिले, वाचक आणि संपादक यांच्या संवादाच्या रूपात. दोघांना एकेक भूमिका दिली. हत्याराशिवाय इंग्रज हलणार नाही असे म्हणणारा ‘वाचक’ ज्याच्याकडे होता, तो खटाव तालुक्यातला. मध्येच पुस्तक मिटून म्हणाला, “मॅडम, मला वाचकाचं पटतंय. आमच्या वडूजला काय झालं?”

‘चले जाव’ चळवळीत, ९ सप्टेंबर १९४२ला खटाव तालुक्यातल्या वडूजच्या सरकारी कचेरीवर मोर्चा गेला. पुढे असलेल्या परशुराम घार्गे यांच्या हातात तिरंगा होता. गोळीबारात ते पडले, इतरही पडले. वर्षभरात याच जिल्ह्यात इंग्रजांना समांतर असे प्रतिसरकार उभे राहिले, बंदुका आल्या, गावगुंडांच्या तळपायांवर फटके मारून ‘पत्री’ ठोकली गेली. आणि प्रतिसरकारचे नेते नाना पाटील तर कायदेभंगाच्या चळवळीतूनच आलेले! मग सत्याग्रह कुठे संपला? की संपलाच नाही? साधनात बीज आणि साध्यात झाड पाहणारे गांधी यावर काय म्हणतील? तीन तास आम्ही याच प्रश्नात होतो. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलीही भांडल्या. नंतर दक्षिण आफ्रिकेतले शार्पव्हिल शिकवले. १९६०मध्ये तिथे वर्णभेदी कायद्याविरुद्धच्या निदर्शनावर झालेल्या गोळीबारात ६९ माणसे मेली आणि पुढच्याच वर्षी मंडेला सशस्त्र लढ्याकडे वळले. ते मला फारसे समजावून सांगावे लागले नाही.

पण परीक्षेत यातले काहीच विचारत नाहीत. वडूज, तासगाव, प्रतिसरकार हे सगळे ‘महाराष्ट्राचा इतिहास’ या दुसऱ्या पेपरात, तेही सनावळीपुरते. गांधी-मंडेला एका कप्प्यात, घार्गे दुसऱ्यात.

अभ्यास मंडळाला माझी कळकळीची विनंती आहे, पुढच्या फेरबदलात सातारा-सांगलीचा हा लढा अहिंसेच्या युनिटमध्येच घ्या. वडूजच्या हुतात्मा स्मारकाला वर्ग नेण्याची तरतूद करा आणि मुलांनी घरोघरी जाऊन मिळवलेल्या माहितीला प्रकल्पाचे गुण द्या. त्या मुलाने पुढच्या आठवड्यात मोबाईलवर पणजोबांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मिळालेल्या ताम्रपटाचा फोटो आणला होता. घरी तो टीव्हीच्या वर टांगलेला आहे. पणजोबा कोणत्या मोर्चात होते, हे आता घरात कुणालाच सांगता येत नाही.

आपली,
एक प्राध्यापिका, सातारा