काबुकीची चित्रं एकट्या चित्रकाराची नव्हती

संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला जपानी काबुकी नाटकांतल्या नटांच्या, लाकडी ठोकळ्यांनी छापलेल्या चित्रांवरचा लेख आवडला, फक्त एक गोष्ट खटकली, सगळं क्रेडिट चित्रकारालाच देऊन टाकलंय. अहो, चित्रकार शाराकूने काढलं ते कागदावरचं ड्रॉइंग, ते चेरीच्या लाकडावर उलटं चिकटवून रेघ न् रेघ कोरणारा कारागीर वेगळा, प्रत्येक रंगाचा ठोकळा वेगळा, छापणारा वेगळा आणि पैसे लावणारा पब्लिशर त्सुताया जूझाबुरो तो आणखी वेगळा. १७९४ मधलं ओतानी ओनिजीचं चित्र बघा, नट व्हिलनच्या रोलमधे, ओठ आवळलेले, डोळे तिरळे, दोन्ही पंजे कपड्यातून फाकून बाहेर आलेले, आणि मागची ती काळपट चमक अभ्रकाच्या पुडीची आहे, ती काय नुसत्या शाईने येत नाही. बरं काबुकीत बायकांची कामं पुरुषच करायचे, तर शाराकू त्यांचा पुरुषी जबडा तसाच दाखवायचा, फॅन लोकांना ते कितपत रुचलं असेल देव जाणे! दहाएक महिन्यांत गडी गायबच झाला.

पुढच्या वेळी चित्र जरा मोठं छापा, यावेळचं पोस्टाच्या तिकिटाएवढं होतं, त्यात बोटंसुद्धा धड दिसेनात.

एक वाचक, सातारा